नागीण आणि तिच्यामागून येणारी वेदना

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील आरोग्यविषयक सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक व्हावे, निधीचा हिशेब सादर व्हावा, विवाहेच्छू वधूवरांचा परिचय करून द्यावा, ही आपल्या मंडळाची जुनी प्रथा आहे. अशा मंगल कार्यक्रमात एका दुखण्यावर अर्धा तास बोलावे, हा चिटणीसांचा आग्रह आम्हांस प्रथम विचित्रच वाटला. परंतु गेल्या संमेलनाच्या वेळी भोजनाच्या पंगतीत आम्ही सहज विषय काढला, तेव्हा साठी ओलांडलेल्या मंडळींत नागीण होऊन गेलेली माणसे एकामागून एक निघू लागली. त्यांतील दोघीतिघींच्या अंगात तर तिची आग अद्याप शिल्लक होती. चारचौघांत त्याविषयी कोणीच कधी बोललेले नव्हते. तेव्हा बोलावयास हरकत नाही, असे आमच्या मनाने घेतले.

आम्ही वैद्य नव्हे. शाळेत शास्त्र आणि गणित शिकविण्यात आमची हयात गेली. या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच की, एकाहत्तराव्या वर्षी आम्हांस स्वतःस नागीण झाली, तिची वेदना आठ महिने सोसली, आणि त्या काळात डॉक्टरांना विचारून आणि ग्रंथ वाचून जे समजले ते पारखून घेतले. औषधाचे नाव येथे ऐकून कोणी परस्पर दुकानातून आणू नये, हे प्रारंभीच सांगून ठेवतो.

नागीण म्हणजे काय, याचे उत्तर आपल्या बालपणात आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, आईने कडुनिंबाच्या पाल्याने न्हाऊ घातले, खपल्या पडल्या आणि सर्व काही संपले, असे आपण समजतो. वास्तविक तो विषाणू शरीर सोडून जातच नाही. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस मज्जातंतूंच्या मुळाशी पेशींच्या लहान लहान गाठी असतात. त्यांत तो निद्रिस्त होऊन बसतो. पुढे चाळीस, पन्नास, साठ वर्षे निघून जातात. वयोमानाने, एखाद्या मोठ्या आजाराने किंवा काही औषधांमुळे शरीराची प्रतिकारशक्ती क्षीण झाली म्हणजे तो एखाद्या गाठीत जागा होतो आणि तेथून निघणाऱ्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत उतरतो. म्हणूनच त्या एका तंतूच्या मुलखापुरतेच, एका पट्ट्यात, फोड उठतात. सापासारखी वळणे घेत गेलेला तो पट्टा पाहून आपल्या पूर्वजांनी नागीण हे नाव दिले. निरीक्षण म्हणून ते मोठे अचूक आहे.

कांजिण्या आणि नागीण यांचा हा संबंध जगाच्या ध्यानी कसा आला, हे सांगण्याचा मोह आमच्यातील शिक्षकास आवरत नाही. नागीण झालेल्या माणसाच्या सहवासात आलेल्या मुलांना कांजिण्या येतात, असे बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ बोकाय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदले. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेत टॉमस वेलर यांनी दोन्ही रोगांतील विषाणू प्रयोगशाळेत वाढवून ते एकच असल्याचे दाखविले. परंतु आम्हांस सर्वांत आदर वाटतो तो इंग्लंडातील सायरेन्सेस्टर या लहानशा गावी दवाखाना चालविणाऱ्या होप-सिम्प्सन या डॉक्टरांविषयी. त्यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. गावातील आपल्या रोग्यांच्या नोंदी त्यांनी सोळा वर्षे चिकाटीने ठेवल्या, त्यांत नागिणीचे १९२ रोगी आढळले, आणि त्या नोंदींवरून १९६५ मध्ये त्यांनी हा सिद्धांत मांडला की, नागीण बाहेरून येत नाही. आपल्याच शरीरात दडून राहिलेला कांजिण्यांचा विषाणू पुन्हा जागा होतो. एका वहीने एवढे काम केले! वह्या नीट न ठेवणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही ही गोष्ट अनेकदा सांगितली असती. पण आम्हांसही ती निवृत्तीनंतरच कळली.

आता त्या प्रसिद्ध भीतीकडे वळू. नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले, कमरेभोवती वेढा पूर्ण झाला, की माणूस दगावतो, असे आपल्याकडे घरोघर सांगतात. आमच्याही घरी पहिल्या दिवशी एका वृद्ध आप्तांनी दोरी आणून माप घेण्याची तयारी केली होती. यात तथ्य नाही. मज्जातंतू डाव्या अंगास वेगळे आणि उजव्या अंगास वेगळे असतात. एका बाजूचा तंतू दुखावला तर फोड पोटाच्या आणि पाठीच्या मध्यरेषेपाशी येऊन थांबतात. क्वचित दोन्ही बाजूंस फोड आले, तर अंगातील प्रतिकारशक्ती इतकी का खालावली, याचा तपास डॉक्टरांनी करावा, हे योग्यच. परंतु वेढा पूर्ण झाला म्हणून मृत्यू येतो, ही गोष्ट खरी नव्हे.

मंत्र टाकणारे, गेरू लावणारे, फुंकर घालून नागीण उतरविणारे लोक गावोगाव आहेत, आणि त्यांच्या हाताला गुण आहे असे शपथेवर सांगणारेही पुष्कळ आहेत. त्या सांगणाऱ्यांस आम्ही खोटे म्हणत नाही. फोडांवर सात ते दहा दिवसांत खपली धरते आणि दोन ते चार आठवड्यांत त्वचा भरून येते. मंत्र टाकला तरी येते, न टाकला तरी येते. त्यामुळे फोड जाण्याचे श्रेय घ्यावयास पुष्कळजण पुढे असतात. फोड गेल्यावर मागे जी वेदना राहते, तिचा धनी मात्र कोणी होत नाही. उतरविणाऱ्याचे काम संपलेले असते, घरच्यांची काळजी मिटलेली असते, आणि दुखणाईत एकटा उरतो.

त्यातच उपचाराचा खरा मोसम निघून जातो, हे अधिक शोचनीय. या विषाणूची वाढ रोखणारी औषधे आज उपलब्ध आहेत. असायक्लोव्हिर हे त्यांतील पहिले महत्त्वाचे औषध. ते ज्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले तेथील संशोधनाच्या प्रमुख गर्ट्रूड एलियन यांस इतर दोघांसमवेत १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्गातील व्हॅलासायक्लोव्हिर दिवसातून कमी वेळा घ्यावे लागते. ही औषधे पुरळ दिसू लागल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर त्यांचा उपयोग सर्वांत अधिक होतो. फोड लवकर वाळतात आणि प्रारंभीचा ठणका कमी होतो. हे तीन दिवस मांत्रिकाची वाट पाहण्यात, अमावास्या टळण्यात, किंवा ‘घामोळे असेल’ म्हणत पावडर चोळण्यात जातात. तीन दिवस उलटून गेले असले तरी नवे फोड येत असतील, किंवा रोगी वृद्ध वा अशक्त असेल, तर डॉक्टरांकडे जावेच.

ओळखावे कसे? पुष्कळदा फोडांच्या आधी दोनचार दिवस त्याच जागी आग, चमका किंवा दुखरेपणा सुरू होतो. आमचे दुखणे डाव्या बरगडीखाली सुरू झाले. ते हृदयाचे असावे या शंकेने प्रथम हृदयाचा आलेख काढला गेला, आणि तो निर्दोष निघाला. तिसऱ्या दिवशी सकाळी स्नानाच्या वेळी लाल चट्टे दिसले, आणि सायंकाळपूर्वी गोळ्या सुरू झाल्या. छातीत कळ आली तर हृदयाची तपासणी आधी व्हावी, हेच रास्त आहे. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा. डोळ्यास कायमचा अपाय होण्याचा संभव असतो. कानात फोड येऊन चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तरीही विलंब नको.

विटाळाविषयी दोन शब्द. नागीण झालेल्या माणसापासून दुसऱ्यास नागीण होत नाही. ज्याला कांजिण्या आलेल्या नाहीत आणि त्यांची लसही घेतलेली नाही, अशाला फोडांतील द्रवाच्या संसर्गाने कांजिण्या येऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत फोड स्वच्छ कापडाने झाकावेत, हात धुवावेत, आणि गर्भवती स्त्रिया, तान्ही बालके व दुर्बल रोगी यांच्यापासून अंतर ठेवावे. एवढ्यासाठी आजीला मागच्या खोलीत टाकून तिची ताटवाटी वेगळी करण्याचे काही कारण नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा प्रपंच मांडला तिच्याकडे येतो. फोड बरे झाल्यावर तीन महिने उलटूनही वेदना राहिली, म्हणजे तिला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे आणि स्वतंत्र उपचार आहेत. अमेरिकेतील आरोग्यखात्याच्या माहितीप्रमाणे नागीण झालेल्यांपैकी दहा ते अठरा टक्के लोकांस ही वेदना होते, आणि वय जितके अधिक तितका तिचा संभव अधिक. वेळेवर औषध घेऊनही ती राहू शकते, आमची राहिली. बहुतेकांची ती काही महिन्यांत ओसरते, काहींची वर्षानुवर्षे टिकते.

ही वेदना येते कोठून? विषाणूने मज्जातंतू पोळून काढलेला असतो. तारेवरचे आवरण जळून गेल्यावर तार जशी भलत्या ठिकाणी ठिणग्या टाकते, तसा तो तंतू बाहेर काही घडलेले नसतानाही मेंदूकडे दुःखाचे संदेश धाडीत राहतो. त्यामुळे तिच्या तऱ्हाही निराळ्या. एक सतत धुमसणारी आग. दुसरी अकस्मात विजेसारखी चमकून जाणारी कळ. आणि तिसरी, सर्वांत चमत्कारिक, हलक्या स्पर्शाची वेदना. जोराने दाबले तर एक वेळ सोसते, पण पंख्याचा वारा, सदऱ्याची शिवण, पांघरुणाची कड सोसत नाही. त्वचा वरून निरोगी दिसते, डागदेखील फिके पडलेले असतात, आणि माणूस मात्र पदर लागला तरी कळवळतो.

येथेच घरोघरी अन्याय घडतो. “डाग वाळले, आता कसले दुखते?” हा प्रश्न आम्ही आमच्या कानांनी ऐकला आहे. सासूबाईंनी विचारला तर सुनेला आणि सुनेने विचारला तर सासूबाईंना तो सारखाच झोंबतो. दोघी मूळच्या वाईट नसतात. डोळ्यांना जे दिसत नाही त्यावर विश्वास ठेवणे कठीण जाते, इतकेच. आमच्या परिचयातील एका वृद्ध विधवा भगिनींनी दीड वर्ष घरात कोणापाशी तक्रार केली नाही. लग्नकार्यास जाणे त्यांनी सोडले, कारण काठापदराचे जड लुगडे अंगावर सोसत नव्हते. आणि नातलगांनी त्याचा अर्थ मानभावीपणा असा लावला. ही वेदना मनाचा खेळ नव्हे, तो मज्जातंतूचा रोग आहे, एवढे वाक्य त्यांच्या मुलास डॉक्टरांनी सांगितले, त्या दिवसापासून त्या घराचा सूर पालटला. औषध त्यानंतर सुरू झाले. दीर्घकाळ झोप न मिळालेला माणूस उदास होतो, जीव नकोसा झाला असे म्हणू लागतो. कोणी असे म्हटले तर त्यास उपदेश करू नये, जवळ बसावे, आणि तेच शब्द डॉक्टरांच्या कानावर घालावेत.

औषधांविषयी घरात गैरसमज फार. नेहमीच्या अंगदुखीच्या गोळ्यांनी या वेदनेस फारसा उतार पडत नाही. गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन ही मुळात अपस्माराच्या रोग्यांसाठी, आणि अॅमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन ही मुळात खिन्नतेच्या रोग्यांसाठी वापरात आलेली औषधे येथे उपयोगी पडतात. अतिक्षुब्ध झालेल्या तंतूंस ती शांत करतात. चिठ्ठीवरील नाव वाचून एखादा शहाणा पुतण्या सांगतो, “काकू, ही वेडाची गोळी आहे,” आणि काकू गोळ्या फेकून देतात. असे होऊ देऊ नये. ही औषधे अल्प मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवावी लागतात, गुण यावयास काही आठवडे जातात, आणि ती एकाएकी बंद करावयाची नसतात. त्यांनी गुंगी येते, तोल जातो. म्हणून रात्री लघवीस उठताना आधी काठावर बसावे, दिवा लावावा, मगच पाऊल टाकावे. नागीण बरी होऊन खुब्याचे हाड मोडावे, यासारखे दुर्दैव नाही. मूत्रपिंड, हृदय, काचबिंदू वा प्रोस्टेट यांचा विकार असेल तर तो आधी सांगावा.

लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाच्या चिकटपट्ट्या मिळतात. त्या अखंड त्वचेवर, दिवसाकाठी बारा तासांपर्यंत लावतात, फोड ओले असताना मुळीच नाही. आणि आमच्या कोल्हापूरकर व्याह्यांस विशेष आवडलेली गोष्ट ही की, मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यात आहे ते कॅप्सायसिनदेखील या वेदनेवर औषध ठरले आहे. तीव्र मात्रेच्या त्याच्या पट्ट्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच लावतात. यावरून कोणी स्वयंपाकघरात मिरची वाटावयास घेऊ नये.

औषधापलीकडे जे आम्हांस उपयोगी पडले ते सांगतो. दिवस कसाही निघून जातो. खरी परीक्षा रात्रीची. जुन्या धुवट मलमलीचा सैल सदरा, तोही उलटा, म्हणजे शिवण बाहेर, असा घालून आम्ही निजत असू. पांघरुणाचा भार सोसेना, तेव्हा आमच्या पत्नीने धान्याची वेताची मोठी पाटी कुशीवर पालथी ठेवून तिच्यावरून चादर पांघरली. उपाय हास्यास्पद दिसे, पण त्याने झोप मिळाली. थंड पाण्यात पिळलेला पंचा दहापंधरा मिनिटे ठेवल्याने आग निवते; बर्फ मात्र त्वचेवर थेट ठेवू नये, आणि थंडाव्यानेच कोणाची वेदना वाढत असेल तर त्याने तो नाद सोडावा. रात्री दोन वाजता जाग आली म्हणजे आम्ही लहानपणी घोकलेली औटकी उलट्या क्रमाने म्हणत असू. पावकी-निमकी फार सोपी पडे, मन पुन्हा दुखण्याकडे धावे. औटकी उलटी म्हणावयाची तर साऱ्या चित्ताची गरज लागते. ज्यांना पाढे नकोत त्यांनी पाठ असलेले काहीही घ्यावे, पण जरा कठीण घ्यावे. दिवसा चालणे सोडले नाही. सायंकाळी नातवंडांस गणिते घातली. एका वहीत रोज वेदनेला दहापैकी गुण देऊन ठेवले; महिन्याच्या भेटीत डॉक्टरांस आमच्या वर्णनापेक्षा त्या वहीचाच अधिक उपयोग झाला. सात गुणांची वेदना चारवर आली, हे आम्हांस स्वतःसही वही पाहिल्यावाचून कळले नसते.

राहता राहिली लस. पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी नागिणीविरुद्धची ‘शिंग्रिक्स’ ही लस २०२३ पासून भारतात मिळू लागली आहे. तीत जिवंत विषाणू नाही. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दंडात दोन टोचण्या घ्यावयाच्या असतात. मोठ्या चाचण्यांत पन्नाशीपुढील लोकांत तिने नागीण टाळण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आढळले, आणि सत्तरीपुढेही ते नव्वदीच्या आसपासच राहिले. दंड दुखणे, अंग मोडून येणे, कणकण, हे एकदोन दिवस होते. नागीण होऊन गेलेल्यांनाही ती घेता येते. मात्र आधीच जडलेली वेदना तिने जात नाही. दोष एकच, आणि तो मोठा आहे: किंमत. निवृत्तिवेतनावर किंवा मुलांच्या आधाराने राहणाऱ्या वृद्धांस दोन टोचण्यांचा खर्च झेपण्यासारखा नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे आमची एक सूचना आहे. आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीतून शस्त्रक्रियेस मदत दिली जाते, तशी साठीपुढील गरजू ज्ञातिबांधवांस, आणि प्रथम एकाकी राहणाऱ्या भगिनींस, या लसीच्या निम्म्या खर्चाची मदत द्यावी. कोणास ती योग्य आणि कोणास नाही, हे आपल्या ज्ञातीतील डॉक्टर मंडळींनी पाहावे. प्रारंभी दहाच नावे घेतली तरी चालतील. त्या खात्यासाठी आमच्याकडून एका व्यक्तीच्या दोन्ही टोचण्यांची रक्कम आज कोषाध्यक्षांकडे दिली आहे. पावती आम्हांस नको, पण खाते स्वतंत्र असावे.

चिटणीसांनी घड्याळ दाखविले आहे. ज्यांना काही विचारावयाचे असेल, विशेषतः ज्या भगिनींना सभेत विचारण्यास संकोच वाटतो, त्यांनी चहाच्या वेळी आमच्या पत्नीस भेटावे. त्या पाटीचे रहस्य आमच्यापेक्षा तिलाच अधिक ठाऊक आहे.